शब्दाचं शेपूट

२ फेब्रुवारी

आज मिलमधला साचा सुरू झाला. चालतो, पण विणत नाही. सूत नाही, धोटा नाही. खाली मोटार बसवली आहे. बटण दाबलं की फणी पुढंमागं होते — बोळक्या तोंडानं चघळल्यासारखी. धोटा का काढला, विचारलं. कंत्राटदार म्हणाला, "उडून कुणाच्या डोळ्याला लागला तर?" ऐंशी वर्षं धोटे उडत होते इथं. लागतही होते. तेव्हा कुणी काढले नाहीत.

माझं काम — दहा ते पाच साच्याजवळ उभं राहायचं. पाहुणे आले की बटण दाबायचं. निळा झगा दिला आहे, "त्या काळासारखा". त्या काळी निळा झगा कुणी घालत नव्हतं. घरातलं जुनेर घालून यायचो. सहा महिन्यांत त्याचाही कापूस व्हायचा.

"आई, तू नुसती उभी राहिलीस तरी पुरे," लेक म्हणाली. "तूच आमचं खरं प्रदर्शन."

"काचेच्या पेटीत तेवढं घालू नका!"

हसली. बऱ्याच दिवसांनी.

३ फेब्रुवारी

लेक इथली मुख्य. बंद पडलेल्या मिलचं काय राहणार, काय जाणार, हे तिच्या हातात. हातात म्हणजे खरंच हातात — दोन खडू असतात. लाल फुली, पाडा. पांढरा गोल, ठेवा. सूतखात्याच्या इमारतीत घरं होणार. साचेखात्यात दुकानं, वर कचेऱ्या. पाण्याच्या टाकीत लोक पोहणार. धुराडं नुसतं बघायला.

मी आले तेव्हा सतरा वर्षांची होते. धुराडी तीन होती, पाळ्या तीन. फाटकाला बिजागऱ्या होत्या, पण ते मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "मिलमधे आहे" एवढं म्हटलं की घरमालक खोली दाखवायला उठायचा.

उतार लागला तो कळला नाही. आधी रंग द्यायचं थांबलं. मग फुटकी काच तशीच राहिली. मग तिसरी पाळी गेली, आणि आम्ही म्हणालो, बरं झालं, झोप तरी मिळेल.

४ फेब्रुवारी

दोन्ही इमारतींच्या मधे पूल आहे. लोखंडी, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर. चाळीस पावलं. सूतखात्यातून सुताचे गाडे त्यावरून आमच्याकडे यायचे. पूल ह्यांच्या ताब्यात होता. हे फिटर. महिन्यातून एकदा हातोडी घेऊन निघायचे आणि एकेका रिव्हेटवर टकटक करत जायचे. नादावरून कळतं म्हणायचे. मला तेव्हाच कमी ऐकू यायला लागलं होतं. मी रेलिंगला हात लावून उभी राहायचे. हे टोकाला टकटक करायचे, मला तळहातात कळायचं.

मिल गेली आणि दीड वर्षात हेही गेले. रोग नव्हता. नुसते बसून राहायचे.

पुलावर पांढरा गोल आहे. मी स्वतः बघितला. सगळ्या जाहिरातींवर पुलाचंच चित्र. २६ तारखेला उद्घाटन — दोनशे माणसं सूतखात्यातून निघून पुलावरून साचेखात्यात येणार. पलीकडच्या टोकाला मी. बटण दाबणार.

५ फेब्रुवारी

फाटकावरचा दरवान म्हणजे आपला भोंगा. पूर्वी भोंगा वाजवायचं काम त्याचं, म्हणून हे नाव. आता गणवेश दिलाय, पोट मावत नाही त्यात.

"काय मंदाबाई, आज कुणाचं तोंड वाचलंत?"

चोवीस वर्षं झाली. अजून मंदाबाई! मंदा माझं नाव नाही. कशी झाले, तेही लिहून टाकते एकदा.

साचेखात्यात चारशे साचे. कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. आम्ही सगळे ओठांवर बोलायचो. तीस फुटांवरून भांडायचो, सोयरिकी जमवायचो, जॉबर मुकादमाला शिव्या द्यायचो — त्याच्या पाठीमागं आणि त्याच्या तोंडासमोर. अडचण एकच. प, ब, म. तिन्हीला ओठ मिटतात. ओठांवर फरक नाही. माझ्या शेजारच्या साच्यावर एक थोराड बाई होती, आम्ही तिला मोठी म्हणायचो. तिनं शिकवलं. "पाय गेला की माय गेली? डोकं नको बघू, शेपूट बघ. गेला, गेली. शब्दाचं शेपूट खोटं बोलत नाही." आणि शेपटावरून भागलं नाही तर बोट. नाकाला लावलं तर म. गळ्याला लावलं तर ब. कुठंच नाही लावलं तर प.

लेक लहानपणी घरात अशीच बोलायची माझ्याशी. दीड हाताची पोर, नाकाला बोट लावून "माऊ" मागायची. मोठी झाली तसं सोडलं. आता माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलते. टपालखात्यात खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलावं, तशी.

तर मंदाबाई. मॅनेजरची खोली काचेची होती. आत चार जण. मी बाहेरून पाहिलं — "काम मंद करायचं." धावत जाऊन खात्यात सांगितलं. मंद म्हणाले हो, बंद नाही! मंद! शेपूट दोन्हीचं एकच. आणि काचेआड बोट कोण लावणार? मला चांगलं हवं होतं, मी चांगलं वाचलं. माझ्या शब्दावर माणसं थांबली. नदीपलीकडच्या कारखान्यात भरती चालू होती त्या महिन्यात, कुणी गेलं नाही. तीन आठवड्यांनी फाटक मिटलं. पहिल्यांदाच. बिजागऱ्या किंचाळल्या म्हणतात. मला तेवढंही ऐकू आलं नाही.

तेव्हापासून माझा नियम — शंका आली की वाईट ते वाचायचं. चुकत नाही.

६ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत घडलं. लेकीची खोलीही काचेची, पटांगणाच्या पलीकडे. ती फोनवर होती. मला बघायचं नव्हतं. डोळे मिटता येतात, सवय मिटत नाही. जसं दिसलं तसं लिहून ठेवते, एक शब्द इकडचा तिकडे नाही —

पूल ठेवायचं नाही. ठरलंय माझं.

मग पाठ केली. मग पुन्हा तोंड इकडे.

नाही पेलवणार. धोका असतो, माहीत आहे मला. सही मीच करणार.

आईला कळता कामा नये.

बोट कुठंच लावलं नव्हतं. म्हणजे प. पूल.

माझा हात बटणावरच राहिला. साचा सुताशिवाय चालत राहिला. समोर एक शाळेचा वर्ग उभा होता, त्यांच्या बाईंनी माझ्या खांद्याला हात लावला तेव्हा कळलं.

संध्याकाळी जेवली नाही. ताट सरकवलं. "ढवळतंय गं." काळजीनं ढवळतंच. मिल बंद झाली त्या आठवड्यात माझंही ढवळायचं.

७ फेब्रुवारी

झोप नाही. पूल काढणार, आणि मला सांगणार नाही. ह्यांचा पूल. बापाचा.

८ फेब्रुवारी

आज सुट्टी. पुलावर जाऊन आले. फुली शोधली — वर, खाली, खांबांच्या मागं. कुठंच लाल नाही. तोच पांढरा गोल. जाहिरातीवर तेच चित्र. २६ तारीख तीच.

म्हणजे पूल काढत नाहीत. मग "ठेवायचं नाही" कसं?

अर्ध्यावर उभी राहिले. चपला काढल्या. तळव्यांना काहीतरी लागलं. बारीक. दात शिवशिवतात तसं. खाली कंत्राटदाराची गाडी चालू होती, तिचंही असेल. सातव्या रिव्हेटखाली गंजाचा ओघळ — लांब, तांबडा. हे असते तर एका टकटकीत सांगितलं असतं.

मग उलगडलं. पूल ठेवू नये हे तिला कळलंय. पण चित्रं छापून झाली, तारीख ठरली. आता काढला तर सगळं बुडालं. नाही पेलवणार. धोका असतो. सही मीच करणार. सगळं जुळतं! माझी पोर जाणूनबुजून खोटी सही करणार आहे. आणि त्यावरून दोनशे माणसं चालणार.

९ फेब्रुवारी

रंगखात्याची फरशी फोडताना जुनं गटार फुटलं. चोवीस वर्षं कोंडलेला रंग पटांगणात आला. लाल. कामगार बूट उचलून उभे. कंत्राटदार हातवारे करत ओरडत होता — "पाणी मारा! पाणी मारा!" पाणी मारलं तसा रंग आणखी पसरला. लेक काचेतून बघत होती. एकदम खाली बसली. पुन्हा दिसली ती बऱ्याच वेळानं, तोंड पुसत.

१० फेब्रुवारी

भोंग्याला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

त्यानं पोट खाजवलं. मग म्हणाला, "मंदाबाई, मागं बंद होतं ते तुम्ही मंद वाचलंत. आता मंद असेल ते बंद वाचताय."

"मी पुलाचं बोलतेय."

"मी तुमचं बोलतोय. पोरीला विचारा की सरळ. एका घरात राहता ना? का तिथंही काच आहे?"

उद्घाटनासाठी भोंगा दुरुस्त केलाय. आज वाजवून पाहिला. मला हिरड्यांत कळला. कबुतरं उडाली ती धुराड्याभोवती फिरतच राहिली, बसेनात.

११ फेब्रुवारी

पुन्हा फोन. पुन्हा जसंच्या तसं —

वीसच्या आत. नंतर करत नाहीत म्हणाले.

नाही, त्याला नाही सांगणार. कशाला?

"तो" म्हणजे मिल विकत घेतलेला मालकच. त्याच्यापासूनही लपवते आहे! हे सगळं एकटीच्या अंगावर घेतेय. जावई दोन महिने फिरकला नाही. तो असता तर चार शब्द तरी सांगितले असते. कामाचा ताण आहे म्हणे त्याला. इथं कुणाला नाही?

१२ फेब्रुवारी

विचारलं.

स्वयंपाकघरात होती, कप विसळत. पाठमोरी. मी खांदा धरून वळवली. मला तोंड दिसायला हवं.

"मला कळलंय," मी म्हणाले. "फोनवरचं. काचेतून दिसलं सगळं."

हात थांबला. नळ वाहत राहिला.

"सगळं?"

"सगळं."

"आई, हा माझा प्रश्न आहे. मी ठरवलंय."

"तुझा एकटीचा कसा? जीव आहेत तिथं."

"जीव म्हणू नकोस." ओठांचा रंग गेला होता. "प्लीज. तू तरी तसं म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? पाडायचं तर चारचौघांत सांगून पाड. मान वर करून. हे असं चोरून कशाला?"

बघत राहिली माझ्याकडे. लहानपणी एकदा चुकून तिचं बोट दारात चिरडलं होतं मी, तेव्हा रडण्याच्या आधी अशीच बघत राहिली होती.

"तुला कळलं तर तू जवळ घेशील असं वाटायचं मला," म्हणाली. "म्हणूनच सांगत नव्हते. मग मला जमलं नसतं."

आणि वळली. पाठीवर काही वाचता येत नाही.

जवळ घेऊ? दोनशे माणसांच्या जिवावर उठलेल्या मुलीला? जीव म्हणू नकोस म्हणे! आकडे झाली माणसं. मॅनेजर असेच बोलायचे काचेआड. मी तिला असं शिकवलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

बोलत नाही. भाजीसुद्धा पाठ करून चिरते.

१५ फेब्रुवारी

पालिकेला अर्ज केला. चार ओळी. मिलच्या पुलाला धोका आहे. जबाबदार व्यक्तींना याची कल्पना आहे. २६ तारखेच्या आत तपासणी व्हावी, तोवर पुलावर कुणाला जाऊ देऊ नये. खाली लिहिलं — एक माहीतगार. नाव घातलं नाही. मंदाबाईचं कोण ऐकतंय?

पाकीट स्वतः नेऊन पेटीत टाकलं. टाकल्यावर पेटीच्या फटीत हात घालून पाहिला. तेवढा आत जात नाही.

आईनं लेकीविरुद्ध अर्ज करायचा! हे असते तर काय म्हणाले असते माहीत नाही. पण एकदा चांगलं वाचून मी अख्खं खातं बुडवलं. आता माझ्या पोरीवर माया आहे म्हणून पुन्हा चांगलं वाचू?

१७ फेब्रुवारी

सकाळी लहान बॅग भरली. दोन दिवस बाहेर जाते म्हणाली.

"कामाला?"

मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

"एकटीच?"

"मग कोण येणार बरोबर?"

दारात थांबली. खाली वाकून बुटाची नाडी बांधता बांधता काहीतरी म्हणाली. तोंड दिसलं नाही.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. जेव वेळेवर."

सह्या करायला गेली. वीसच्या आत. मी खिडकीतून पाहिलं — कोपऱ्यावर रिक्षासाठी उभी होती, बॅग पोटाशी धरून. हात केला नाही. मीही केला नाही.

१८ फेब्रुवारी

घरात कुणी नसलं की माझ्या बहिरेपणात काही फरक पडत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. पडतो.

१९ फेब्रुवारी

दुपारी आली. तोंड उतरलेलं, मेणासारखं. सरळ आडवी झाली. रबरी पिशवीत गरम पाणी भरून दे म्हणाली. दिलं. पोटाशी धरून कुशीवर वळली, भिंतीकडे.

प्रवासानं असेल. विचारलं नाही. माझा राग उतरला नव्हता. खरं सांगायचं तर राग नव्हताच; भीती होती — विचारलं, आणि तिनं सांगितलं, तर?

मग दोन वेळा उठून दारातून पाहिलं. खांदे हलत होते. खोकला असावा.

२० फेब्रुवारी

तिच्या खोलीत केर काढायला गेले. पिशवी जमिनीवर, पाणी गार. तिनं पलंगावरूनच बोटानं पाय दाखवला, म्हणजे चप्पल दे. चप्पल दिली. अशी खूण ती चौथ्या वर्षी करायची. मी जवळ बसणार होते. फोनवर पालिकेचं नाव उजळलं आणि ती उठली.

२१ फेब्रुवारी

तपासणी. पालिकेचे तिघे आले. पूल बंद, दोन्ही तोंडांना दोर. गाड्यांमधून वाळूची पोती आणली. कामगारांनी एकेक पोतं पाठीवरून वर नेलं — सकाळी नऊपासून. खाली पुलाच्या पोटाला यंत्रं चिकटवली होती, त्यांच्या तारा एका टेबलावर.

लेक पूर्ण दिवस पुलाखाली उभी. उन्हात. एका हातानं खांब धरलेला. कंत्राटदार दोनदा खुर्ची घेऊन आला — "बसा हो मॅडम, बरं दिसत नाही तुमचं." बसली नाही. पूल पडला तर आधी आपल्यावर पडावा, असं वाटलं असेल? मला तसंच वाटलं. साच्याला धरून उभी राहिले.

तीनशे पोती चढली. दोनशे माणसांच्या वजनाहून जास्त. चार वाजेपर्यंत तशीच ठेवली. मोठा तपासनीस टेबलावर वाकला, चष्मा वर केला, हसला. त्याचं तोंड माझ्याकडेच होतं.

"केसभर हलला नाही. हा पूल आपल्या सगळ्यांना पोचवून मग जाईल."

कामगारांनी टाळ्या वाजवल्या असाव्यात, हात हलत होते. कंत्राटदार मात्र लाल — "कुणी केला हा उद्योग? नाव कळू दे मला!"

पूल चांगला आहे. मला आनंद व्हायला हवा.

मग ती काय लपवत होती?

२२ फेब्रुवारी

सातव्या रिव्हेटचा ओघळ म्हणजे गंज नव्हता. जुना रंग. भोंग्यानं नखानं खरवडून दाखवला. "बघा मंदाबाई. तांबडं दिसलं की सगळं रक्त नसतं."

मग म्हणाला, "पोरीला बरं नाही का हो? परवा फाटकाशी रिक्षातून उतरली, माझ्या खुर्चीवर दहा मिनिटं बसली. पाणी दिलं. तुम्हाला बोलावू का म्हटलं, तर नको म्हणाली."

२४ फेब्रुवारी

अर्जाची नक्कल कंत्राटदारानं लेकीच्या टेबलावर आणून ठेवली. मी काचेतून पाहिलं. तिनं वाचली. मग कागद डोळ्यांजवळ नेला. माझं अक्षर ती ओळखते. तिच्या शाळेच्या सगळ्या वह्यांवर तेच होतं.

घरी आली. जेवलो. तिनं दोन घास जास्त घेतले, एवढं पाहिलं.

२६ फेब्रुवारी

उद्घाटन झालं. भोंगा वाजला. माणसं पुलावरून आली, फोटो काढत, मुलं उड्या मारत. पूल जागचा हलला नाही. मी बटण दाबलं. साचा चालला. सगळ्यांनी माना डोलावल्या, विणलं काहीच नव्हतं तरी.

गर्दी खाण्याच्या टेबलांकडे सरकली तेव्हा लेक साच्याच्या पलीकडे येऊन उभी राहिली. हातात अर्ज. साचा चालूच होता; तिच्या आवाजाचा उपयोग कुणालाच नव्हता. ओठांनीच बोलली. सावकाश नाही — पूर्वीसारखी.

"हा तुझा?"

"हो."

"का?"

"तूच म्हणालीस फोनवर. पूल ठेवायचा नाही. धोका आहे. सही मीच करणार."

तिच्या कपाळावर आठी पडली, मग गेली.

"काय म्हणाले मी?"

"पूल."

फणी आमच्या मधे येत होती, जात होती.

"म्हणजे त्या दिवशी स्वयंपाकघरात," म्हणाली, "तू पुलाचं बोलत होतीस?"

"मग कशाचं?"

हसेल असं वाटलं. तोंड तसं झालंही होतं. मग तिनं उजवा हात वर केला आणि बोट नाकाच्या शेंड्याला लावलं. हलकेच. लावून ठेवलं. मला दिसेपर्यंत.

मग वळून गर्दीतून निघाली, पुलावरून, चाळीस पावलं. मागं बघितलं नाही.

२७ फेब्रुवारी

६ तारखेचं पान काढलं. माझंच अक्षर. जसं दिसलं तसं. "ठेवायचं नाही."

पूल ठेवायचा असतो.

म. मूल.

आणि मी तिला म्हणाले, चोरून कशाला.